भोगवटापत्र नसलेली मंडळी

कसबा पेठेत घर बांधायचं, तर विटांच्या आधी कागद रचावे लागतात. प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, भाडेकरूंची संमतीपत्रं आणि मालकाच्या चुलत भावांच्या सह्या. चुलत भावांतला एक न्यू जर्सीत असतो, एक कोर्टात असतो आणि तिसरा समोरच्याच आळीत राहून सही करत नाही. त्यातून घर शनिवारवाड्यापासून 100 मीटरांच्या आत असलं, तर ही सगळी धावपळ वाचते. पुरातत्त्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित वास्तूच्या 100 मीटरांत नवं बांधकाम करायचंच नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत करायचं तर परवानगी काढून. जुन्याची डागडुजी करायची तरी अर्ज. त्यामुळे पेठेच्या त्या टोकाला काही वाडे असे आहेत, की ते टेकूंवर उभे आहेत की अर्जांवर, हे सांगणं कठीण.

आता खुद्द शनिवारवाड्यात जाऊन बघा. भिंतीतल्या भोकांत, कोनाड्यांत, कमानींच्या आडोशाला कबुतरांची राजरोस बांधकामं चालू असतात. 100 मीटर सोडा, अंतर शून्य. पहिल्या बाजीरावानं 1730 साली जिचा पाया घातला त्या वास्तूच्या अंगावरच चार काड्या आडव्या टाकायच्या, त्यांवर दोन अंडी घालायची आणि वर गुटर्गू करत पर्यटकांकडे मालकासारखं बघायचं. आमच्या आळीतल्या एका काकांनी पडवीचं छप्पर बदलायला परवानगी मागितली होती. दोन पावसाळे वरून गेले तरी उत्तर येईना, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वेळी अर्जदाराच्या नावापुढे ‘कबूतर’ लिहून बघतो."

कागद आणि प्राणी यांच्या शर्यतीत प्राणी जिंकल्याची नोंदही आहे. चेक प्रजासत्ताकात ब्रडी नावाच्या संरक्षित जंगलात सरकारला छोटे बांध घालून पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायची होती. 2018 पासून योजना तयार, पैसे तयार. पण जमीन पूर्वी लष्कराच्या वापरातली, त्यामुळे परवानग्या अडकल्या. 2025 च्या सुरुवातीला अधिकारी बघतात तर हवे होते तिथेच बांध उभे. बीव्हर नावाचे चपट्या शेपटीचे, दातांनी झाडं पाडणारे प्राणी टेंडर न भरता काम उरकून मोकळे झाले होते. सरकारचे सुमारे 3 कोटी क्राउन वाचले. पुण्यातही अशा चार-सहा जोड्या मागवाव्यात, असं पहिल्यांदा मनात येतं. मग लक्षात येतं, की बीव्हराला नदीत पाणी लागतं.

आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा बिल्डरचा माणूस भाडेकरूंची यादी करायला आला. त्यानं टेपनं खोल्या मोजल्या, लाइट बिलं तपासली आणि निघता निघता सवयीनं विचारलं, "आणखी कुणी राहतं का इथे?" आजीनं प्रश्न मनावर घेतला. मधल्या खोलीत आजोबांच्या तसबिरीमागे चिमण्या. माडीच्या कडीपाटात भोक पाडून राहिलेला भुंगा. देवघराच्या चौकटीवर कुंभारीण. तुळईत वाळवी. जिन्याखाली घूस, ही नवी, पण हिची आईसुद्धा इथलीच. "चिमण्या पानशेतच्या पुराच्या आधीपासूनच्या आहेत," आजी म्हणाली, "त्यांना किती स्क्वेअर फूट देणार?" त्या माणसानं नम्रपणे हसून वही मिटली. रेशन कार्ड नसलेल्यांना तो भाडेकरू धरत नसे.

आजीचा हिशेब वेडगळ वाटतो खरा, पण वाडा कसा बांधलेला असायचा ते बघितलं तर तिचंच बरोबर निघतं. खाली दगडी जोतं, तळखड्यांवर सागवानी खांब, वर तुळया, भिंती पांढऱ्या मातीच्या, जमीन शेणानं सारवलेली. चिमणी, कुंभारीण, वाळवी आणि उंदीर यांचाही माल हाच: माती, लाकूड, काड्या, चिंध्या. एकाच वखारीतून माल उचलणाऱ्यांची घरं एकमेकांत शिरणारच. शिवाय वाडा मंजूर नकाशाप्रमाणे बांधला जात नसे, तो वाढत असे. थोरल्याचं लग्न झालं की माडी चढायची. धाकट्याचं झालं की सोप्याला फळ्या मारून खोली निघायची. भावाभावांत भांडण झालं की चौकातून भिंत जायची आणि आडाच्या मध्यावर येऊन थांबायची. जगातली मोठमोठी वारुळं नि मोहोळं अशीच होतात. कुणाच्याही हातात नकाशा नसतो, समोरचा अर्धवट तुकडा बघून पुढचा जोडला जातो. फरक इतकाच, की मधमाश्या भिंत घालताना भांडत नाहीत.

मुळात पेठच टेकाडावर आहे. जुनं घर पडलं की त्याच्याच मातीवर नवं उभं करायचं, ते पडलं की त्याच्यावर तिसरं; असं करत करत जमीन वर आली. इथे खणलं की पार सातवाहन काळापर्यंतची खापरं निघतात. मधे आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पेठेला मिळालेली ही पहिली पाडकामाची नोटीस. पुढे जिजाऊंनी नि शिवरायांनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून वस्ती केली, कसबा गणपतीचं देऊळ उभं राहिलं आणि लोक पुन्हा त्याच टेकाडावर चढून माती कालवू लागले.

वारुळावरून आठवलं. वारूळ बांधते वाळवी. नाव होतं मुंगीचं. राहायला येतो नाग. आणि नागपंचमीला दूध-लाह्या मिळतात त्या नागाला. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण ज्यानं केली त्यानं पागडीचे वाडे जवळून पाहिले असावेत. आमच्या पेठेत प्रत्येक मालकाला आपला भाडेकरू नागोबा वाटतो आणि प्रत्येक भाडेकरूला मालक. वाळवी मात्र दोघांच्या वादात पडत नाही, ती तुळई खात राहते.

मराठी मुलाला बांधकामशास्त्राचा पहिला धडा मिळतो तो चिऊ-काऊच्या गोष्टीत. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं वाहून जातं. गोष्ट सुंदर आहे, पण त्यातलं एकही स्पेसिफिकेशन खरं नाही. चिमणी मेण वापरत नाही. ती तसबिरीमागे गवत, दोरे, पिसं आणि काकूंनी कालच धुतलेल्या गोधडीचा कापूस कोंबते. आणि कावळा? त्याच्याइतका काळाबरोबर गेलेला बांधकाम व्यावसायिक पेठेत दुसरा नाही. समोरच्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवरून तो बाइंडिंग वायर उचलतो. आमच्या गॅलरीसमोरच्या बदामाच्या झाडावर काड्यांत लोखंडी तारा गुंफलेलं त्याचं घर मी पाहिलं आहे. आत गवताची नि केसांची मऊ गादी, बाहेरून सळईकाम. साइटवरचा मुकादम तारेच्या तुकड्यांचा हिशेब लागेना म्हणून मजुरांवर ओरडत होता आणि वरून चोर खाली बघत होता.

12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी आलं तेव्हा नदीकाठच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या. जोती राहिली, खांब राहिले. त्या दिवसाबद्दल पेठेत अजून कुणी विनोद करत नाही, आणि चिऊ-काऊच्या गोष्टीत पावसाचा प्रसंग आला की आजी तो भरभर सांगून टाकायची.

कावळ्याच्या हुशारीला एकच अपवाद आहे, आणि तो पेठेतल्या घरमालकांना फार जवळचा वाटतो. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालते. कावळा ते उबवतो, पिल्लाला भरवतो. पिल्लू मोठं झालं, कावळ्याच्या मुलांचा घास खाऊन टुणटुणीत झालं, की उडून जातं. करार नाही, डिपॉझिट नाही, पोलिस व्हेरिफिकेशन नाही. वर वसंतात लोक कान देऊन ऐकतात ते त्या पोटभाडेकरूचं गाणं. मालक ओरडला की त्याला हाकलतात.

पण कारागिरी बघायची तर कुंभारणीची. आमच्याकडे देवघराच्या चौकटीवर ती दर वर्षी येई. गांधीलमाशीच्या कुळातली, बारीक कमरेची, कुठल्याही समारंभाशिवाय कामाला लागणारी. नळाखाली साचलेलं पाणी पोटात घेऊन ती परसात जायची, तिथली माती भिजवून तिची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करायची आणि ती तोंडात धरून परत. गोळी लावली की पुढच्या पायांनी नि जबड्यानं दाबून पट्टी ओढायची. ओली पट्टी गडद दिसे, वाळलेली फिकी, त्यामुळे कुठली फेरी कधीची ते कळायचं. एका दिवसाच्या आत बोराएवढं मडकं तयार, वर बाहेर वळवलेला काठसुद्धा. तो काठ कशाला लागतो ते आम्हाला कळेना, कुंभारवाड्यातल्या कुंभारानं सांगितलं, "काठाशिवाय मडकं कोण विकत घेतं?" त्या काळी कुंभारवाड्यात चाकं फिरत असत, पुढे बरीच घरं मुंढव्याला केशवनगरात गेली. कुंभारीण गेली नाही. तिला भट्टी लागत नाही, त्यामुळे धुराची तक्रार नाही.

मडकं झालं की ती आत एक अंडं घालते, तेही एका धाग्यानं छताला टांगून. मग हिरव्या अळ्या आणते. डंख मारून लुळ्या केलेल्या, जिवंत. म्हणजे बाळाला ताजा डबा. तोंड मातीनं लिंपते आणि निघून जाते. आपल्या संतांना हे दृश्य फार आवडलं. अळी कुंभारणीचं ध्यान करते आणि ध्यानानं कुंभारीणच होते, असा कीटकभृंगीचा दाखला भक्तीसाठी दिला गेला. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतं: आत अळी गेली, बाहेर कुंभारीण आली. मधल्या काळात नेमकं काय झालं, याबद्दल अळीचं मत कुणी घेतलं नाही. पुनर्विकासाच्या माहितीपत्रकांतही हाच न्याय असतो. आत वाडा जातो, बाहेर टॉवर येतो, मधे कुणी कुणाला खाल्लं ते दिसत नाही.

रिकामी मडकी आजी जपून ठेवायची. कुणाला गालगुंड झालं की ती माती उगाळून गालावर लेप. गुण यायचा की नाही देव जाणे, पण गालावर माती वाळत असताना पोरगं ओरडत नसे, हा गुण पक्का.

कसब्यात एकेकाळी वस्तीच धंद्यावार होती. शिंपी आळी, तांबट आळी, बुरूड आळी. तांबट आळीत हातोड्यांचे ठोके सकाळपासून चालू, आणि उन्हाळ्यात कुठल्यातरी झाडावरून तसेच ठोके देणारा तांबट पक्षी, वाळक्या फांदीच्या पोटात घर कोरणारा. पक्ष्यांत शिंपीही आहे, पानं शिवणारा. त्यांची पोरं मात्र अजून त्याच धंद्यात आहेत. आमच्याकडची हिंजवडीला गेली.

सुगरण पेठेत राहत नाही, तिला पाणी नि मोकळं गवत लागतं. पण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण पुण्याचा सगळा फ्लॅट-व्यवहार तिनं आधीच करून ठेवला आहे. विणतो तो नर. आपण सगळी वाहवा मादीची करतो, हा भाग वेगळा. सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळ किहीमला या पक्ष्यांवर पाळत ठेवली आणि जे पाहिलं ते थक्क करणारं होतं. नर निम्मं घर विणून थांबतो. मग माद्या साइट व्हिजिटला येतात. आत शिरतात, काड्या ओढून बघतात, हिसके देतात. नर पंख फडफडवून जाहिरात करत बाहेर लटकलेला. पसंत पडलं तर मादी ताबा घेते आणि मगच तो उरलेलं काम, खालची नळी वगैरे, पुरी करतो. नाही पसंत पडलं तर प्रकल्प अर्धवट. आणि बुकिंग झालं की हा गृहस्थ मादीला अंड्यांवर सोडून शेजारच्याच फांदीवर फेज टू सुरू करतो, दुसऱ्या ग्राहकासाठी. सलीम अलींच्या टिपणांतून हे वाचलं तेव्हा मला त्यात फक्त ‘अटी लागू’ एवढेच शब्द कमी वाटले.

पेठेच्या पोटातून आता मेट्रो जाते. तिचं कूळही अशाच एका बांधकाम करणाऱ्या प्राण्यापर्यंत पोचतं. इंग्लंडमध्ये मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं जहाजाच्या लाकडात राहणारा एक किडा पाहिला. दिसायला अळी, पण जातीनं शिंपल्याचा भाऊबंद. तो डोक्यावरच्या शिंपल्यांनी लाकूड कोरत पुढे सरकतो आणि मागे राहिलेल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जातो, म्हणजे लाकूड फुगून अंगावर येत नाही. यावरून ब्रुनेलनं बोगदा खणायच्या ढालीची कल्पना काढली, 1818 साली पेटंट घेतलं, आणि 1825 ते 1843 अशी अठरा वर्षं घालवून थेम्स नदीखालून बोगदा काढला. पुण्यात मुळा, मुठा आणि पवना या नावांची यंत्रं आपल्या पायाखालून गेली ती हेच करत: पुढे कोरायचं, मागे काँक्रीटच्या कड्यांचं अस्तर. जहाजांच्या तळाला भोकं पाडून दर्यावर्दींचा जीव नकोसा करणारा किडा असा कसब्यात येऊन पोचला. त्या काळात वाड्यांच्या भिंतींवर तडे मोजायला काचेच्या पट्ट्या चिकटवल्या की आजी म्हणायची, "आमच्या घुशीनं इतकी वर्षं पोखरलं, तेव्हा नाही कुणी मोजायला आलं." 29 सप्टेंबर 2024 ला गाडी सुरू झाली. आधी बुधवार पेठ म्हणून आखलेल्या स्टेशनला कसबा पेठ नाव मिळालं, आणि डोंगर पोखरून उंदीर काढतात तसं न होता निदान एक एस्कलेटर निघाला. आजी त्यावर पाय ठेवत नाही. जिन्यानं उतरते आणि सांगते की गारवा मात्र जुन्या माजघरासारखा आहे.

गारव्याचंही एक गंमतशीर प्रकरण आहे. झिंबाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स या आर्किटेक्टनं 1996 मध्ये ईस्टगेट नावाची मोठी इमारत बांधली, वारुळावरून स्फूर्ती घेऊन. नेहमीचं एअर कंडिशनिंग नाही. रात्री गार हवा आत ओढायची, जाड भिंतींत गारवा साठवायचा, तापलेली हवा धुराड्यांतून वर सोडायची. जगभर कौतुक झालं. पुढे शास्त्रज्ञांनी खऱ्याखुऱ्या वारुळांची तपासणी केली, तर तिथे हवा धुराड्यासारखी वर जातच नव्हती. वाऱ्याच्या झुळकांवर वारूळ एखाद्या फुप्फुसासारखं चालत होतं. म्हणजे चुकीच्या समजुतीवर उभी केलेली इमारत उत्तम गार राहते. आमच्या नव्या इमारतीची प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे आहे आणि एप्रिलात ती तापते. वाड्याची दीड हात जाडीची मातीची भिंत गेली, मधला चौक पार्किंगला गेला. दर्शनी बाजूला काच आली, पश्चिमेकडे तोंड करून.

तर आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. वाड्यात फटी होत्या, इथे फट नाही. चिमण्यांनी दोन दिवस काचेवर चोची मारून पाहिल्या. कबुतरांनी एसीच्या मागे जागा शोधली, म्हणून गॅलरीला नायलॉनची जाळी आली. मग वहिनींच्या मनात चिमण्यांची कणव दाटून आली. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, त्या दिवशी वहिनींनी प्लायवुडचं तयार घरटं विकत आणलं. गोल दार, उतरतं छप्पर, वर ‘स्वीट होम’. ते जाळीच्या आत टांगलं आहे. चिमणीला त्या जाळीतून येता येतं म्हणे. अजून एकही साइट व्हिजिट झालेली नाही.

आली ती आग्या मोहोळाची वसाहत, तीही एका रात्रीत. सातव्या मजल्याच्या बाल्कनीच्या स्लॅबखाली उघड्यावर एकच भलंमोठं पोळं. आग्यांना कडा लागतो. सह्याद्रीत तो दगडाचा असतो, कसब्यात आरसीसीचा. सोसायटीची तातडीची सभा भरली. एक म्हणाले जाळा. दुसरे म्हणाले खबरदार, मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था 1962 पासून याच पुण्यात आहे, त्यांना विचारा. तिसऱ्यांनी विचारलं, त्याची फी आहे का. मग खरा मुद्दा निघाला. पोळं सातव्या मजल्याच्या बाल्कनीला लागलेलं आहे, की सहाव्या मजल्याच्या छताला? सातवेवाले म्हणाले, आमची फरशी वर आहे, खाली काय लटकतं त्याच्याशी आमचा संबंध नाही. सहावेवाले म्हणाले, स्लॅब तुमचा, आम्ही फक्त त्याच्याकडे बघतो. खर्च कुणी करायचा यावर दीड तास गेला, उपसमिती नेमली गेली.

उपसमितीची पहिली बैठक होईपर्यंत पाऊस आला आणि आग्या आपल्या रिवाजाप्रमाणे ठिकाण सोडून निघून गेल्या. पोळं रिकामं राहिलं. तेवढ्यात वॉचमननं सांगितलं की वरच्या अंगाला अजून मध दिसतोय. त्याच संध्याकाळी सातव्या मजल्यानं स्लॅबचा खालचा भागही आपलाच असल्याचं लेखी पत्र दिलं आणि सहाव्यानं छत हे छताखाली राहणाऱ्याचंच असतं असा वकिलाचा सल्ला जोडला. शेवटी ठराव झाला, की पोळं सामाईक जागेत धरावं आणि मध निघाल्यास सर्व सभासदांत सारखा वाटावा. ठराव बहुमतानं मंजूर झाला. विरोध फक्त तळमजल्याच्या दुकानदारांनी नोंदवला. त्यांचं म्हणणं, वाटप कार्पेट एरियाप्रमाणे व्हावं.